बिस्किटाच्या डब्यावरचा पोपट

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात कोणी बँकेतल्या आठवणी लिहितं, कोणी शाळेतल्या. या वर्षी मला विचारलं. काय लिहू म्हटलं, तर म्हणाले, तुम्ही जे काम करायचात ते लिहा. मी मोटारींची घाण काढायची. तेच लिहिते. मी निपाणीजवळच्या गावात चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे शुद्धलेखन संपादकांनी बघावं. बाकी काही बदलू नये.

लग्नानंतर बंगळूरला आले. नवऱ्यानं पाठीच्या दुखण्याचं निमित्त करून काम सोडलं आणि मी चार घरची भांडी धरली. त्यातलं एक घर शिवण्णा मेस्त्रींचं. बनशंकरीच्या देवळापुढे रस्त्याकडेला त्यांचं गॅरेज होतं. मी करपलेलं दुधाचं पातेलं नव्यासारखं करते, हे मेस्त्रींच्या बायकोनं त्यांना सांगितलं. एक दिवस ते कार्बोरेटर घेऊन घरी आले आणि मोरीत माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "अक्का, हे पण घासून बघ." मी घासलं. नंतर भांडी सुटली आणि गॅरेज लागलं. ते मी अठरा वर्षं केलं.

माझी जागा मागच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली. समोर रॉकेलची परात. मेकॅनिक पार्ट सोडवून आणून द्यायचे, मी धुऊन परत द्यायची. बसवायचं काम त्यांचं. पण मेस्त्रींचा पहिल्या दिवसापासून एक नियम होता आणि तो त्यांनी मला नीट समजावला होता. काढलेला पार्ट आधी वर्तमानपत्रावर मांडायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा. मग धुवायचा. धुतलेला पार्ट बघून गिऱ्हाईक म्हणतं, हा तर चांगलाच होता की. घाण बघितली की गप्प बसतं. त्यामुळे माझ्यासमोर रोज वर्तमानपत्र असायचं. कन्नड मला तेवढंच वाचता आलं, काजळीखालून जेवढं दिसलं तेवढं.

नव्वद सालानंतर बंगळूरच्या रस्त्यांवर परदेशी गाड्या दिसायला लागल्या. काहींच्या इंजिनावर एक नवाच व्हॉल्व्ह असायचा. पुस्तकात त्याचं नाव ईजीआर. आम्ही धुराचा व्हॉल्व्ह म्हणायचो. तो काय करतो ते मी सांगते, मोटारीतलं काही न कळणाऱ्यालाही कळेल. इंजिनात जाळ होतो आणि धूर मागच्या नळीतून बाहेर जातो. त्यातला थोडा धूर हा व्हॉल्व्ह परत इंजिनात पाठवतो. का? तर नुसती ताजी हवा मिळाली की जाळ फार तापतो आणि जास्त विषारी वायू तयार होतो. जळून गेलेला धूर थोडा मिसळला की जाळ निवतो. चुलीवर जाळ भडकला की आपण लाकूड थोडं मागे ओढतो, तसंच. फक्त हे सगळं मापात हवं. व्हॉल्व्ह वेळेवर उघडला पाहिजे आणि वेळेवर मिटला पाहिजे.

पण ज्यातून दिवसभर धूर जातो त्यात काजळी साठणारच. डिझेलच्या गाडीत तर डांबरासारखा थर बसतो. मग व्हॉल्व्हची दांडी अडकते. मिटलेली अडकली तर लवकर कळत नाही. उघडी अडकली तर इंजिनाला हवेऐवजी धूरच जास्त मिळतो, गाडी काळं ओकते, चढावर दमते, सिग्नलला उभी केली की बंद पडते.

तो साफ करायचा म्हणजे आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. रबराची बारीक नळी काढायची, बोल्ट सोडवायचे. इंजिनाच्या बाजूला जे भोक उघडं पडतं त्यात चिंधी कोंबायची, नाहीतर खरवडलेली काजळी आत पडते. चिंध्या मोजून घालायच्या आणि मोजून काढायच्या. व्हॉल्व्हची खालची लोखंडी बाजू बोथट पातीनं आणि जुन्या ब्रशनं घासायची. वरच्या टोपीत रबराचा पडदा असतो, त्याला रॉकेलचा थेंब लागू द्यायचा नाही, तो फुगतो. शेवटी तपासायचं. टोपीची नळी तोंडात धरून हवा ओढायची आणि जिभेनं बंद करायची. दांडी वर उचलली गेली पाहिजे आणि तशीच राहिली पाहिजे. हळूहळू खाली आली तर पडदा फाटलाय.

देवनहळ्ळीकडे दवाखाना चालवणारे एक डॉक्टर आमच्याकडे गाडी आणायचे. त्यांनी मला ती नळी तोंडात धरलेली बघितली आणि असे ओरडले की मी घाबरून काजळी गिळली. पुढच्या खेपेला त्यांनी एक जाडजूड सिरिंज आणून दिली, गुरांना इंजेक्शन द्यायची असते तसली. म्हणाले, हवा याने ओढ. शेवटच्या दिवसापर्यंत मी तीच वापरली. गिऱ्हाइकांनी मला दिवाळीला मिठाई दिली, साड्या दिल्या. उपयोगी पडली ती सिरिंज.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

श्रीधर साहेब म्हणून एक कारखानदार होते. त्यांच्याकडे एक जपानी डिझेल जीप होती, आखातातल्या भावानं पाठवलेली. ती चालवायचा नंजप्पा. चाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा. साहेबांच्या बंगल्यामागच्या खोलीत तो बायको आणि मुलीसह राहायचा. बायको बंगल्यातच स्वयंपाकाला. म्हणजे नोकरी, घर आणि बायकोचा पगार, सगळं एका किल्लीला बांधलेलं.

त्या जीपचा धुराचा व्हॉल्व्ह मी एकदा व्यवस्थित साफ केला. दोन महिन्यांत तो पुन्हा उघडा अडकला. तेव्हा आयुधपूजा चार दिवसांवर होती. बंगळूरला आयुधपूजेच्या आधी प्रत्येकाला गाडी धुऊन, नीट करून हवी असते, मग तिला हार घालतात आणि चाकाखाली लिंबू ठेवतात. गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. मेस्त्री म्हणाले, "आता घासत बसू नको. पत्री मार."

पत्री मारणं म्हणजे काय, तर धूर येणारा पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पत्र्याचा तुकडा बसवून रस्ताच बंद करायचा. धूर परत जायलाच नको आणि व्हॉल्व्ह अडकायलाही नको. तेव्हा सगळीच गॅरेजं हे करायची. गाडी झकास पळते, गिऱ्हाईक खूश. हवेत काय सुटतं ते कोणाला दिसत नाही. आज मला ते बरोबर वाटत नाही, पण तेव्हा वाटत होतं असंही नाही. तेव्हा त्याचा विचारच केला नव्हता.

पत्रा जाड लागतो. जाड पत्रा संपला होता. मी बोल्ट ठेवायचा बिस्किटांचा डबा घेतला आणि त्याचं झाकण कापलं. झाकणावर हिरवा पोपट होता. तुकडा बसवला तेव्हा पोपटाचं पोट बरोबर भोकावर आलं. हे आजच्यापुरतं आहे, सण झाला की जाड घालू, असं मेस्त्री म्हणाले आणि मीही म्हटलं. व्हॉल्व्ह अडकलेलाच ठेवला. बंद रस्त्यावरचं दार उघडं असलं काय आणि मिटलेलं असलं काय. सण झाला. गाडी चांगली चालत होती. कोणाला आठवण राहिली नाही.

पाच-सहा महिन्यांनी, उन्हाळ्यात, जीप काळा धूर ओकत परत आली. सिग्नलला बंद पडत होती. मेकॅनिकांनी हवेचा फिल्टर बघितला, नोझल काढून बघितले, पंप बघितला. धुराच्या व्हॉल्व्हकडे कोणी गेलं नाही, कारण तो रस्ता तर आम्हीच बंद केला होता. काही सापडेना. दुसऱ्या दिवशी श्रीधर साहेब स्वतः आले. नंजप्पा मागे उभा होता. साहेबांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती. ड्रायव्हर डिझेल काढून विकतो आणि टाकीत रॉकेल ओततो. तेव्हा असं करणारे होते, त्यामुळे शंका अगदीच हवेतली नव्हती.

डिझेल फिल्टरची वाटी सोडवून ठेवली होती, तळाशी थोडं डिझेल होतं. साहेबांनी ती उचलली, स्वतः हुंगली, त्यांना काही ठरवता येईना. मग माझ्याकडे आले. गॅरेजात सगळं बोलणं कन्नडात असायचं, इथे मराठीत लिहिते.

"अक्का, तुम्ही रोज यातच असता. बघा, रॉकेल आहे का?"

तोवर मला कोणत्याही साहेबानं असं विचारलं नव्हतं. लवकर धुवा, एवढंच म्हणायचे. मी परातीतून हात काढला, पदराला पुसला, वाटीत बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं.

"येतोय वास," मी म्हणाले.

एवढंच. पण चार माणसांसमोर, आणि थोडी मान ताठ करून. साहेबांनी वाटी खाली ठेवली आणि नंजप्पाला सांगितलं की सोमवारी किल्ली दे आणि महिनाअखेर खोली रिकामी कर. नंजप्पा एकदाच म्हणाला, सर, मी नाही केलं. साहेब रिक्षात बसून निघून गेले. मी परत कामाला लागले. त्या दिवशी मला जेवण नेहमीसारखंच गेलं, हेही लिहिते. माणूस असाच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात भरत होते तेव्हा नंजप्पा आला. जीपमधलं त्याचं सामान न्यायचं होतं. देवाचा फोटो, टॉवेल, मुलीची एक चप्पल. ते पिशवीत भरून तो माझ्यासमोर उकिडवा बसला. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं माठातलं पाणी ग्लासात घेतलं आणि ग्लास माझ्यापुढे धरला.

"बोट बुडवा, अक्का."

मी बुडवलं.

"आता वास घ्या. कसला येतो?"

मी वास घेतला. रॉकेलचा येत होता.

"पाणी आहे ते," तो म्हणाला. "आत्ताच काढलं. तुमच्या डोळ्यांसमोर."

मी उठले, नळावर गेले, कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि पुन्हा ग्लासात बोट घातलं. रॉकेल. माझ्या हाताला, नखांना, पदराला, केसांना रॉकेल होतं, आणि नाकाला तर दुसरं काही येतच नसावं. घरी भाजी करपली तरी मला सून सांगायची. हे मला माहीत होतं, पण कोणी विचारलं तेव्हा आठवलं नाही. मोठेपणा मिळाला की असलं आठवत नाही.

गॅरेजच्या फाटकाशी लक्ष्मम्मा मोगऱ्याच्या माळा विकायला बसायची. मी मेकॅनिकला ती वाटी उचलायला लावली, मी हात लावला नाही, आणि तिच्यापुढे धरायला सांगितली. वास कसला ते सांग म्हटलं. तिनं नाक मुरडलं.

"बसचा."

"नीट घे. स्टोव्हचा नाही ना?"

"स्टोव्हचा वास मला कळत नाही का? हा बसचाच. स्टोव्हचा तर तुझा येतो. लांब उभी राहा, माझी फुलं खराब होतील."

बस म्हणजे डिझेल. नंजप्पा ऐकत होता. तो हसला नाही, मलाही हसू आलं नाही. मी त्याला म्हटलं, अर्धा तास थांब. मग जीपचं बॉनेट उघडून जिथे कोणी गेलं नव्हतं तिथे गेले. बोल्ट गंजले होते. एकाला वंगण सोडून पाना ठोकावा लागला. व्हॉल्व्ह उचलला आणि पत्री हातात आली. पोपटाचं डोकं आणि शेपूट शाबूत होती. पोटाच्या जागी रुपयाएवढं भोक होतं, कडा कागद उदबत्तीनं जाळावा तशा. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा तो, इंजिनातून येणाऱ्या धुराच्या आचेपुढे किती दिवस टिकणार? पत्री जळाली आणि अडकलेला व्हॉल्व्ह उघडाच. सगळा धूर परत इंजिनात. काळं ओकणार नाही तर काय.

तेवढ्यात मेस्त्री आले. त्यांनी पत्री बघितली आणि त्यांना एका क्षणात सगळं कळलं. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात त्याला दोनदा दवाखान्यात घेऊन गेले होते. ते मला बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाले, "व्हॉल्व्ह धू. जाड पत्री घाल. साहेबांना सांगू नोझलमध्ये दोष होता."

"आणि नंजप्पा?"

"ड्रायव्हरला काय, दुसरी गाडी मिळेल. साहेबांच्या कारखान्याच्या चार गाड्या आपल्याकडे येतात."

"आधी दाखवायचं, मग धुवायचं. नियम तुमचाच आहे, मेस्त्री."

"तो गिऱ्हाइकाच्या घाणीसाठी आहे," ते म्हणाले. "आपल्या नाही."

मी वाद घातला नाही. परातीशी गेले, वर्तमानपत्र पसरलं, व्हॉल्व्ह मांडला, बोल्ट मांडले आणि मधे पत्री ठेवली, पोपट वर करून. मग हात मांडीत घेऊन बसले. त्या सकाळी मी दुसरा एकही पार्ट धुतला नाही. मेस्त्री दोनदा माझ्यासमोरून गेले आणि दोन्ही वेळा दुसरीकडे बघत गेले. ते पत्री उचलून फेकू शकले असते. फेकली नाही.

गाडीचं काय झालं ते बघायला साहेब अकराला आले. मी उभी राहिले आणि आधीच मनात जुळवून ठेवलेलं सांगून टाकलं, नाहीतर जमलं नसतं.

"सर, काल मी वास येतो म्हणाले, तो माझ्या हाताचा होता. डिझेलमध्ये काही नाही. धूर यातून होत होता. हा पत्रा मी बसवला, आयुधपूजेच्या वेळी. पातळ होता. जळला."

साहेबांनी पत्री उचलली आणि भोकातून माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, डोळा लावून. मग विचारलं, "पातळ पत्रा घालायला कोणी सांगितलं?"

"मी कापला."

"मी सांगितलं," मागून मेस्त्री म्हणाले. "पत्री मार असं मीच सांगितलं, सर. तिचा दोष नाही. माझं गॅरेज आहे."

साहेबांनी पत्री वर्तमानपत्रावर होती तशीच ठेवली, पोपट वर करून. नंजप्पा फाटकाशी पिशवी घेऊन उभा होता, वर देवाचा फोटो दिसत होता. साहेब त्याच्याजवळ गेले. माफी वगैरे काही मागितली नाही. त्या काळचे मालक ड्रायव्हरची माफी मागत नसत, आताचेही मागत असतील असं नाही. ते म्हणाले, "गाडी झाली की घेऊन ये. आणि तो फोटो परत लाव." आणि निघून गेले.

मी व्हॉल्व्ह धुतला. दोन तास लागले, दांडी सुटत नव्हती. सिरिंजनं तपासला, दांडी उचलली आणि राहिली. पत्री घातली नाही. मेस्त्रींनीही घाल म्हटलं नाही. नंजप्पा गाडी चालू करून पाच मिनिटं मागच्या नळीकडे बघत उभा राहिला, मग गेला.

कारखान्याच्या चार गाड्या त्यानंतर आमच्याकडे आल्या नाहीत. जीपही आली नाही. मेस्त्री माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत, नवव्या दिवशी एक अडकलेला व्हॉल्व्ह समोर ठेवून म्हणाले, "सरी, घासून दे." सरी म्हणजे बरं. आमच्या गॅरेजात पत्री मारणं तिथून बंद झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. कमी झालं. मला वेळ दिला तर मी साफ करायची, आणि वेळ द्या म्हणून भांडायची. कधी मी जिंकायची, कधी गिऱ्हाईक दाराशी हॉर्न वाजवत असायचं.

एक गोष्ट मला अजून खुपते. नंजप्पानं ग्लास पुढे केला नसता तर मी ती पत्री कधीच बघितली नसती. तो गप्प बसणारा माणूस. गप्पच बसला असता तर खोली रिकामी करून कुठे गेला असता, आणि मी परातीशी बसून, मला कसा वास बरोबर कळला, असं लोकांना सांगत राहिले असते.

त्या वर्षी आयुधपूजेला आम्ही गॅरेजात पान्यांना, जॅकला, माझ्या परातीलाही कुंकू लावलं. दुपारी नंजप्पा आला, चालत. साहेबांना ही जागा चालत नव्हती म्हणून गाडी आणली नव्हती. मेस्त्रींना नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि मागे माझ्याकडे येऊन कागदात बांधलेलं काहीतरी दिलं. उघडलं तर चंदनाचा साबण.

"हातासाठी, अक्का," तो म्हणाला. त्या माणसाला चेष्टा करता येते हे मला तेव्हा कळलं.

मी त्याच्यासमोर नळावर जाऊन हात धुतले, चांगले फेस काढून. परत आले तर तो विचारतो, "आता कसला वास येतो?"

"मला काय विचारतोस," मी म्हटलं. "जिला कळतं तिला विचारू."

आम्ही दोघं फाटकाशी गेलो. लक्ष्मम्मानं माझा हात नाकाशी नेला, डोळे मिटले आणि गिऱ्हाईक ताटकळत असताना चांगला वेळ घेतला.

"चंदन," ती म्हणाली. "आणि स्वल्प स्टोव्ह."